दाद मिळालेला विराम

डोंबिवली

प्रिय शीला,

अनेक आशीर्वाद. घोडबंदरच्या धुळीने लागलेला तुझा खोकला गेला का? सुदेशरावांचा गुडघा कसा आहे? (त्यांना सांग, गुडघ्याचं कौतुक पुरे, आता चाला.) मी ठीक.

गेल्या रविवारी इथल्या महिला मंडळाच्या व्याख्यानमालेत बोलले. पन्नाशी ओलांडली की बाईची बुद्धी ओसरते, असं म्हणणाऱ्यांशी माझं जुनं वैर तुला ठाऊक आहे. म्हणून विषयच घेतला, मेंदूतली स्टेरॉइड हार्मोन्स. ठणकावून सांगितलं, की ती फक्त अंडाशयात तयार होत नाहीत. ज्या कोलेस्टेरॉलला आपण शिव्या घालतो त्यापासूनच मेंदू स्वतःपुरतं प्रोजेस्टेरॉन बनवतो, आणि जखमी चेतापेशींना ते जपत असावं असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. (डोक्याला मार लागलेल्या माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत मात्र त्याचा उपयोग दिसला नाही. हेही सांगितलं, जरा हळू आवाजात.) मागून व्यायामशाळेवाला प्रीतम ओरडला, "मावशी, मग आमच्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने डोकं पण फुगणार काय?" म्हटलं, "तुझं आधीच फुगलंय, बस खाली." सभागृह हसलं. मला चेव आला. हात उंचावून म्हणाले, "बायांनो, तुमचा हा..." आणि पुढचा शब्दच येईना. तासभर ज्याच्यावर बोलत होते तो शब्द! मेंदू! हात वर, तोंड उघडं. आणि शीला, टाळ्यांचा कडकडाट झाला गं. लोकांना ते वक्तृत्व वाटलं. अध्यक्ष आवडाबाई शाल घालताना डोळे पुसत म्हणाल्या, "ताई, काय थांबलात हो तिथे! काटा आला अंगावर." मी शाल घेतली, नारळ घेतला, वर आभारही मानले.

आता कल्याणच्या मंडळाने हेच व्याख्यान मागितलं आहे. "तो विराम मात्र हवाच," असा खास निरोप आहे.

तुझी ताई,
आसावरी

ता. क. : कल्याणचं होईल तेव्हा होईल. त्याआधी शुक्रवारी ठाण्यात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तू सोबत चल. एकटी गेले तर त्यांनाच व्याख्यान देईन, आणि तेही टाळ्या वाजवून मला घरी पाठवतील.

आणखी एक : परवा फोनवर तुझ्या लेकीला मी सारखं "बाळा, बाळा" करत होते. तू म्हणालीस, ताई वयाबरोबर मऊ झाली. मऊ झाले नाही गं. नाव आठवत नव्हतं.