उगारलेली तलवार

मी, खाली सही करणारा, व्हिडिओ गेमच्या दुकानाचा थोरला भागीदार, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. उद्या माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. बिघाड तेवढाच. बुद्धी शाबूत आहे.

राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलीला. तिने आईचं शिलाई मशीन विकू नये. माझी दुरुस्तीची हत्यारं भाच्याला. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला काहीही नाही. त्याने माझी शिडी नेली आणि मी परत मागू नये म्हणून हिरवी रंगवली.

आता दुकान. खिडकीजवळच्या जुन्या यंत्रावर मी आणि धाकटा भाऊ आळीपाळीने एकच खेळ खेळत आलो. पडका किल्ला, त्यात एकटा रोमन शिपाई. शत्रूंना आम्ही लॅटिन शेपट्या लावल्या: वटवाघळुस, ढेरपोटियुस मॅक्सिमुस. मी थोरलुस, तो धाकटुस. दारावर पाटी लावली: ‘डावुस प्रथमुस, भांडणुम नंतरुम’. गिऱ्हाइकाने विचारलं की धाकटा गंभीरपणे सांगे, "प्राचीन आहे."

शेवटच्या दालनात, डाव त्याचा आणि शिपायाचा एकच जीव उरलेला असताना, दुकान विकू या म्हणून तो भांडला. पाटीचा नियम मोडून भांडला, हे इथे नोंदवतो. "थांबवून ठेव, येतो," म्हणून गेला, त्याला वर्ष होत आलं. हे यंत्र खेळ साठवत नाही. बंद केलं की सगळं पुसलं जातं. म्हणून शिपाई अजून तलवार उगारून उभा आहे. शाळेत कविता अर्ध्या कडव्यावर सोडली तर मास्तर खाली बसू देत नसत. ती सवय जात नाही.

वायरमन म्हणतो, "काका, प्लग चटका देतोय. एखाद्या दिवशी दुकान पेटेल."

मुलगी म्हणते, "बाबा, आज संध्याकाळी मी ते बंद करणार. तुम्हा दोघांच्या हट्टापायी शेजारी का जळावेत?"

तिचं बरोबर आहे.

तेव्हा यंत्र आणि दुकानातला माझा हिस्सा धाकट्याला, विकायच्या मोकळिकीसह. मुलीने त्याला साक्षीदार म्हणून आज बोलावलं आहे. वकीलबाईंनी बजावलंय की ज्याला मिळतं त्याने साक्षीदाराची सही केली तर त्याचं मिळणं जातं. हे वाचूनही त्याने सही केली, तर हिस्सा मुलीचा, आणि तिने तिथल्या तिथे प्लग काढावा. मी अडवणार नाही.

तो आला आहे. चष्मा कपाळावर ढकलून हेच पान वाचतो आहे. हातात पेन आहे.

"दादा, प्लगचा वास येतोय रे."

"डाव तुझा आहे."

"हरलो तर?"

"मग बंद करू."

स्थळ: दुकान, खिडकीजवळ.
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी.
सही: थोरला

साक्षीदार पहिला: वायरमन. सही करतानाही नजर प्लगवर.

साक्षीदार दुसरा: इथे धाकट्याचं नाव होतं, ते खोडलं आहे. त्याने पेन खाली ठेवून स्टूल यंत्रापुढे ओढलं. घाईत झेरॉक्सवाल्याला बोलावून त्याची सही घेतली. साक्षीदार झाल्यामुळे शिडी त्याला देता येत नाही; त्याने ती आधीच नेली, हे बरं झालं.