न हललेली पेटी

३ जून
नवी नोकरी, आणि राहायलाही ऑफिसच्याच वरच्या मजल्यावर दोन खोल्या. आणखी काय हवं? झटका आल्यापासून बाबांचं डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलतं. आता जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन त्यांना भरवता येईल. पलंग खिडकीशी लावला तर त्यांनी बोट दोनदा उचललं, म्हणजे स्वारी खूश. माझा निम्मा घोर मिटला.

४ जून
इमारतीत आम्ही सहा जण: साहेब, ड्रायव्हर, फायली सांभाळणाऱ्या काकू, पहारेकरी, मी आणि बाबा. काकू जागच्या हलत नाहीत. ड्रायव्हर म्हणतो, त्यांची नेमणूकच खुर्चीसकट झालीय.

माझं काम जुन्या लिनक्स कॉम्प्युटरवर कंटेनरची साधनं बसवायचं. कंटेनर म्हणजे एकेका प्रोग्रामला दिलेली बंद पेटी, एकाचा दुसऱ्याला त्रास नको म्हणून. साधनं उतरवली, सुरू केली. दर वेळी पासवर्ड कोण टाकणार, म्हणून स्वतःला सगळे अधिकार देऊन मोकळा झालो. मग पेट्यांची यादी मागवली. ती रिकामी यायला हवी होती, तर सहा पेट्या चालू दिसल्या. आधीच्या माणसाचा पसारा असणार.

५ जून
साहेब म्हणाले, तो पसारा आवरून टाक. एकेक पेटी उघडून बघायचा मला कंटाळा. नियमच लिहिला: जी पेटी चोवीस तास हलली नाही, म्हणजे जिच्या आत काहीच घडलं नाही, ती दुपारी बाराला कायमची पुसायची. कुणी नियम बंद केला तर त्याने आपणहून पुन्हा सुरू व्हायचं. स्वतःवरच खूश होऊन चहा घेतला. काकूंना सकाळपासून ताप; खालच्या खोलीत निपचित पडून आहेत.

६ जून
बाराला तीन नंबरची पेटी गेली. नंतर एक फाइल हवी होती म्हणून काकूंना विचारायला गेलो. खाट मोकळी, चादर घडी घातलेली. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, कोण काकू? नव्या माणसाची फिरकी घेतोय म्हणून हसलो. साहेबांनीही तेच विचारलं. ते कधी थट्टा करत नाहीत. आता हे लिहिताना काकूंचा चेहरा मलाही आठवेनासा झालाय.

७ जून
बाबांना भरवताना मोबाइलवर यादी उघडली होती. त्यांनी बोट उचललं आणि सहा नंबरच्या पेटीसमोर ‘शेवटची हालचाल’ बदलली. योगायोग असेल. पुन्हा उचला म्हटलं. त्यांनी उचललं. पुन्हा बदलली.

घास माझ्याच हातून पडला.

८ जून
नियम पुसला. दहा मिनिटांत परत हजर. माझ्या नावाने, माझ्या अधिकारांनी. पाच वेळा पुसला. साधनंच काढून टाकावीत म्हटलं, तर स्क्रीनवर विचारणा आली — सगळ्या पेट्यांसकट काढू का? पाच नंबरची माझीच असणार. कॉम्प्युटरचा प्लग सैल केला — पुढचं आठवत नाही. भानावर आलो तेव्हा प्लग जागच्या जागी होता.

बाबांना दर तासाला बोट उचलायला लावतोय. बिचारे दमलेत. डॉक्टरांनी झोपेचं नवं औषध दिलंय.

९ जून, सकाळी दहा
बाबा काल दुपारपासून गाढ झोपेत. डॉक्टर म्हणतात, चांगलं आहे, झोपू द्या. चांगलं! शेवटची हालचाल — काल ११.४०.

११.३०
तोंडावर पाणी मारलं. हाका मारल्या. मी बोट उचललं तर मोजत नाही — त्यांनीच —

११.५७
हात धरून बसलोय. बाबा, एकदाच. हवं तर मला शिव्या घाला, पण एकदा — पापणी हलली का? बोट, बाबा, बोट —

१२.०५
खिडकीशी का बसलोय? पलंगावर कुणी नाही. माझी मूठ अशी अर्धी मिटलेली, कुणाचा हात धरल्यासारखी. आत अजून ऊब आहे.

कुणाची —