बाहेर झुकलेली कळी

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू मात्र सगळ्याला हो हो म्हणतेस, म्हणून लिहितो आहे. गेल्या खेपेला मी ताप आल्याचं सांगितलं, तर तू छान झालं म्हणालीस.

आता ताप नाही. पण एक गोष्ट झाली आहे आणि ती इथे कुणाला सांगता येत नाही.

तुला माहीतच आहे, या मकबऱ्यात जे डाव्या अंगाला तेच उजव्या अंगाला. मोगल बादशहानं बेगमेसाठी तो बांधला तेव्हाच ठरलं होतं की मधोमध आरसा ठेवल्यासारखं सगळं जुळलं पाहिजे. चार मिनार, चार छत्र्या. एका बाजूला मशीद आहे म्हणून दुसऱ्या बाजूला तशीच इमारत उभी केली, निव्वळ तोल साधायला. नदीकडच्या मोठ्या कमानीच्या दोन्ही खांद्यांवर रंगीत दगडांची वेल आहे. डाव्या खांद्यावरची हातभर पाटी पार झिजून फुटली होती. ती नवी करायचं काम माझ्याकडे आलं.

रीत अशी की उजवीकडच्या वेलीवर पातळ कागद ठेवून नक्षी उतरवायची, मग कागद उलटा करून डावीकडचा दगड कापायचा. पंचवीस वर्षांत हजार वेळा केलं असेल. या वेळी कागद उलटा करायचा राहून गेला. देठ पाटीच्या बरोबर मधून वर येतो, म्हणून ती बसलीही चपखल. कामावर देखरेख करणाऱ्या नकाशेबाईंनी पाहिली, छान म्हणाल्या, सही केली. चार दिवसांनी पलीकडच्या परांचीवर होतो, सहज मान वळवली आणि दिसलं. सगळ्या कळ्या कमानीच्या टोकाकडे झुकलेल्या, माझी एकटी बाहेर.

आमचे थोरले मिस्त्री महिनाअखेर निवृत्त होतात. कबरींच्या दालनाचं काम आता निघेल आणि त्यावर मुख्य म्हणून त्यांनी माझं नाव सुचवलं आहे. परांची बावीस तारखेला उतरते. सकाळी कामाआधी पाच मिनिटं डोळे मिटून बसायची माझी सवय तुला ठाऊक आहे. हल्ली डोळे मिटले की ती कळीच दिसते. काय करू, लिही.

तुझा लोभ आहेच, तो थोडा रागासकट पाठव.
धाकटा

८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. काय करू म्हणून विचारतोस? गप्प बस. दुसरं काही करायचं नाही.

अरे, पन्नास फुटांवरची वीतभर कळी! खाली उभं राहणारा माणूस घुमट बघेल, फोटो काढेल, चपला सांभाळेल. तुझी कळी कोण मोजतो? तूच मागे लिहिलं होतंस की बेगमेची कबर बरोबर मधोमध आहे आणि बादशहाची नंतर शेजारी घातली, त्यामुळे सगळ्या इमारतीत तेवढीच एक गोष्ट मापाबाहेर आहे. खुद्द मालकाचं चालतं, मग तुझ्या कळीनं कुणाचं घोडं मारलंय?

आणि चुका काय तुझ्याच हातून होतात? त्या डॉक्टरीणबाईंच्या लेकीचा लग्नातला झगा मी शिवला होता. भारी रेशीम. कापड दुमडून कापायचं विसरले आणि दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या! मी सरळ सांगितलं, कापडच कमी भरलं, बिनबाह्यांचा शिवते. तोच फॅशन म्हणून गाजला. अकरा वर्षं झाली, आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही.

तू मुख्य होणार हे मी गल्लीत सांगून टाकलं आहे. बेकरीवाल्यानं तर अभिनंदनही केलं. तेव्हा माझ्या तोंडाला काळं फासू नकोस.

जेवत जा वेळेवर. तुझी बायको असती तर तिनं तुला सरळ केलं असतं. ती नाही, म्हणून मी लिहिते.
तुझी,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझ्या सांगण्याप्रमाणे चार दिवस गप्प बसलो. जमलं नाही. हातात छिन्नी घेतली की वाटतं, आधी ते बोलून टाकावं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत खाली उतरून पाहणाऱ्यांत जाऊन उभा राहिलो. गाईड एका शाळेच्या सहलीला सांगत होता की बादशहानं काम झाल्यावर कारागिरांचे हात तोडले. ही थाप तो रोज मारतो. दगडाच्या धुळीनं माखलेले माझे हात पाहून एका मुलीनं मैत्रिणीला कोपरानं ढोसलं. मग त्यानं दारावरची अक्षरं दाखवली. ती वर वर जाताना मोठी होत जातात, म्हणून खालून सारखी दिसतात. मिनार जरासे बाहेर कलते बांधलेत, म्हणजे भूकंपात पडले तरी घुमटावर पडायचे नाहीत. हे मात्र सगळं खरं. शेवटी म्हणाला, इथे इकडचं पान तिकडे नाही, हवं तर मोजा. आणि ती मुलं खरंच मोजायला लागली. एक, दोन, तीन करत वर चालली. मी तिथून निघून आलो.

ताई, बादशहाची कबर मापाबाहेर आहे, पण ती सगळ्यांच्या समोर आहे. तिथे कुणी काही लपवलेलं नाही.

आणि तुझ्या बाह्यांचं. अकरा वर्षं कुणाला कळलं नाही म्हणतेस, पण कापड रेशमी होतं हे तुझ्या अजून लक्षात आहे. त्या डॉक्टरीणबाई आपल्याच गल्लीच्या तोंडाशी राहतात आणि तू औषधाला दोन चौक ओलांडून जातेस. मला वाटायचं, तुला तो दुसरा डॉक्टर आवडतो.

तुझ्या झग्याचं वय अकरा. संगमरवर माझ्यामागेही काही शतकं राहील.

रागावलीस तरी उत्तर पाठव.
धाकटा

१८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

मी कुठल्या डॉक्टरकडे जाते ते तुला बघायचं कारण नाही.

डोळे मिटून तुझ्या देवाला विचारलंस की तुला हवं तेच उत्तर मिळतं हे मला लहानपणापासून माहीत आहे. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली धूळ खाल्लीस. आता कुठे तुझा शब्द चालणार, तर तूच आपल्या पायावर धोंडा मारायला निघालास. एवढं कर, आधी मुख्य हो, मग सांग.

आशीर्वाद आहेतच. ते काय, सुटत नाहीत.
ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी मुख्य होऊन मग सांगावं, हे मीही मनात घोळवून पाहिलं. तसं केलं असतं तर सांगायचं राहूनच गेलं असतं. मी मला ओळखतो.

वीस तारखेला नकाशेबाईंना परांचीवर घेऊन गेलो आणि दाखवलं. त्यांनी दोन्ही खांदे नीट पाहिले. मग विचारलं, मी सही केली तेव्हा तुम्हाला माहीत होतं का? मी नाही म्हटलं. मग कधी कळलं? मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, म्हणजे तीन आठवडे तुम्ही मला रोज नमस्कार करत होता. ताई, चुकीबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत, पण या वाक्यानं मी खाली बघायला लागलो.

मी म्हटलं, पाटी काढतो, घरचा वेळ घालून नवी करतो. त्यांनी कडेच्या जुन्या पट्टीला हात लावून पाहिला. ती मूळची, बादशहाच्या वेळची. माझी पाटी उपटताना तिला तडा जाईल. म्हणाल्या, तुमची चूक निस्तरायला मी त्या लोकांचं काम मोडू देणार नाही, कळी राहील. मी हात जोडले, पण त्या ऐकेनात. निस्तरायची मुभा मिळणार नाही, हे मी धरलंच नव्हतं.

परांची उतरली. दालनाच्या कामावर नारळ्याला मुख्य नेमलं. डोक्यावर एक केस नाही म्हणून आम्ही त्याला नारळ्या म्हणतो. काम त्याला मीच शिकवलं. बिचारा माझ्यापुढे बसायलाही लाजतो. थोरले मिस्त्री एवढंच म्हणाले की सांगायचं होतं तर पहिल्या दिवशी सांगायचं. त्यांचं बरोबर आहे.

बाईंनी दुरुस्तीची वही पुढे केली आणि माझ्याच हातानं लिहायला लावलं. मी लिहिलं, डाव्या खांद्यावरची कळी बाहेर झुकली आहे, कागद उलटा करायचा राहिला, पुढच्यांनी हे मूळचं समजू नये. खाली पूर्ण नाव. इथे वीस हजार माणसं राबली म्हणतात. त्यांतली फार थोडी नावं उरली आहेत. माझं लागलं ते असं.

मन शांत झालं म्हणून लिहिणार होतो, पण तसं काही झालेलं नाही. आता डोळे मिटून पाच मिनिटं बसता येतं, इतकंच. बेकरीवाल्याला काय सांगायचं ते तू ठरव.

उणंअधिक लिहिलं असेल तर पोटात घाल.
धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद, या खेपेला कुरकुर न करता.

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले, मग पोळ्या करपवल्या. बेकरीवाल्याला सांगितलं, भाऊ मुख्य झाला नाही. त्यानं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, चूक केली आणि स्वतः जाऊन सांगितली. पहिलं त्याला पटलं, दुसरं पटेना. म्हणाला, काढून टाकलं असेल, ताई, तुम्ही उगाच झाकताय. मग तुझं पत्र तिथेच काउंटरवर वाचून दाखवलं. वाचून झालं तरी त्याचा विश्वास बसला नाही. पाव मात्र ताजे दिले.

डॉक्टरीणबाईंकडे अजून गेलेले नाही. परवा दारापर्यंत गेले होते. लगेच काही विचारू नकोस.

मी दहा तारखेला येते आहे. मला वर चढवू नकोस, गुडघे धड नाहीत. खालूनच त्या मुलांसारखी मान वर करून बघेन. तू शेजारी उभा राहा, पण बोट दाखवायचं नाही. चाळीस वर्षं कापड कापते आहे, उलट बाजू मला दिसायला हवी. दिसली तर सांगेन. तुला बरं वाटावं म्हणून नाही दिसली असं म्हणणार नाही, आणि खरंच नाही दिसली तर तेही तसंच सांगेन.

स्टेशनवर घ्यायला ये. हाका मारू नकोस, ऐकू येणार नाही. समोर येऊन उभा राहा.
तुझी,
ताई