लेखातली बिअर

४ मार्च

ती. आत्यास,
भिंगरीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. आता सुईत दोरा स्वतःच ओवतेस म्हणे. महिनाभर शिलाई मशीनला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे, तरी सांगायचं काम केलं. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस, म्हणून आजचं सगळं लिहूनच कळवते.

बाबांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. ब्रुअरी चालू आहे, आणि गर्दी म्हणशील तर रेटारेटी. बाबा आजारी असताना पेपरात त्यांच्या बिअरवर तो मोठा लेख आला होता ना, लोक अजून त्याचा फोटो फोनमध्ये घेऊन येतात. पहिल्या घोटाला संत्र्याची साल, दुसऱ्याला धुक्यातलं रान, असलं काय काय त्यात लिहिलं होतं. लांबून गाड्या करून येतात, बाहेर बाकावर नंबर लावून बसतात. ग्लास हातात आला की फोटो काढतात, पहिला घोट घेतात. छान आहे म्हणतात, पण आवाजात जीव नसतो. संध्याकाळी ग्लास धुवायला घेते तर निम्मे अर्धेच प्यायलेले असतात. उरलेलं मी मोरीत ओतून टाकते.

कोणी तोंडावर वाईट म्हटलं असतं तर भांडले तरी असते. परवा एक बाई निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, की वडिलांच्या हाताची गोष्टच वेगळी असणार. जवाचं माल्ट तेच, हॉप्सची कडू फुलं त्याच दुकानातली, टाक्या त्याच आणि त्या घासणारे टाकीवाले काकाही तेच. बदलले ती फक्त मी. बाबांबरोबर काम केलं खरं, पण त्या महिन्यांत माझं चवीकडे लक्ष कुठे होतं?

मी यायच्या आधी बाबांनी एकट्याने केलेल्या शेवटच्या बिअरची एक बाटली तुझ्याकडे आहे. ती मला पाठवशील का? माझी आणि त्यांची शेजारी शेजारी ठेवून चाखून बघते. माझं कुठे चुकतं ते कळलं तर सुधारेन, नाही तर ब्रुअरी बंद करेन. बाबांचं नाव रोज मोरीत ओतायला माझ्याच्याने होणार नाही.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी भिंगरी

१२ मार्च

चि. भिंगरीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

मशीनला मी हात लावलेला नाही. काजं-बटणं हाताने केली, त्याला डॉक्टरांनी मनाई केलेली नाही. शेजारीण लगेच चुगली करेल, म्हणून मीच सांगून टाकते.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. बाटली कपाटात कापडाच्या गठ्ठ्यांमागे आहे. तुझ्या बापाने माझ्याकडे शेवटचं आला तेव्हा दिली होती, पेपरात गुंडाळून. बिअरची बाटली जपून ठेवणारी म्हातारी म्हणून लोक हसतील, पण खरं सांगते, मी अधूनमधून नुसतं कपाट उघडून ती जागेवर आहे ना ते बघते. माझ्या धाकट्या भावाच्या हातची तेवढीच एक वस्तू माझ्यापाशी उरली आहे. तरी पाठवते. मेलेल्या माणसाची वस्तू जिवंत माणसाच्या कामी यावी, एवढी अक्कल मला आहे. कोपऱ्यावरचा टेम्पोवाला तुझ्याकडच्या फेरीला निघतो आहे. बाळंतिणीला न्यावं तशी बाटली जपून ने, असं त्याला सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

मात्र बंद करायची घाई करू नकोस. लॅबमधली पक्की नोकरी सोडून तू आलीस, त्याचा तुझ्या बापाला केवढा अभिमान होता! लेख वाचून पोरगी धावत आली, असं तो येईल त्याला सांगायचा. एकदा तर वीजबिल द्यायला आलेल्या माणसाला पकडून सांगितलं. जेवतेस ना वेळेवर? पत्रात त्याचा उल्लेख नाही.

ख्याली-खुशाली कळवत जा, आणि ही म्हातारी वाट बघते हे विसरू नकोस.
तुझी आत्या

२१ मार्च

ती. आत्यास,
सा. नमस्कार.

बाटली धडधाकट पोचली. टेम्पोवाल्याने ती मांडीवर ठेवून आणली.

दुपारी दार लावून घेतलं आणि काकांना समोर बसवून ती उघडली. आवाज आला नाही. फेस धरला नाही. घोट घेतला तर ओल्या पुठ्ठ्याची चव. काका हलकेच म्हणाले, की ही बिअर ताजीच प्यायची असते, एवढे दिवस काढत नाही. जसं काही मला माहीत नव्हतं! येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी स्वतः सांगते की बाटली घरी नेलीत तर महिन्याभरात संपवा, जपून ठेवू नका. खाण्यापिण्याचे पदार्थ किती टिकतात हाच माझ्या शिक्षणाचा विषय, आणि तरी मला वाटत होतं की बाबांची बाटली टिकली असेल. आत्या, बाकीच्यांच्या बिअरला लागू होणारे नियम बाबांच्या बिअरला नसतील असं मी खरंच धरून चालले होते.

तुझी वस्तू माझ्यापायी गेली. मला माफ कर. आता त्यांची चव कशी होती ते कधीच कळणार नाही, म्हणजे मी कुठे कमी पडते तेही कळणार नाही. एक जण टाक्या उचलून न्यायला तयार आहे. पुढच्या महिनाअखेरीस त्याला हो म्हणते. काकांना सांगितल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, नुसती टाकी घासतात. घासलेलीच परत घासतात.

रागावली असलीस तरी दोन ओळी लिही.
भिंगरी

२७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बाटलीचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? दोन दिवस ते कपाट उघडलं नाही. पण आता टाक्याही जाणार असतील तर मला तोंड उघडलंच पाहिजे. तुझ्या बापाला मी शब्द दिला होता, तो मोडते आहे.

त्याची बिअर मी अगदी पहिल्या दिवसापासून प्यायले आहे. तोंड वाकडं करत, पण प्यायले. भिंगरे, ती बरी होती. वाईट नव्हती आणि फार चांगलीही नव्हती, बरी होती. जरा जास्तच कडू. संत्र्याची साल मला कधी सापडली नाही. लोक यायचे, गप्पा मारायचे, एखादा ग्लास पिऊन घरी जायचे. बाकावर नंबर कोणी लावला नव्हता.

तो लेख लिहिणारा आला तेव्हा मी तिथेच होते, आजारपणात त्याचं करायला गेले होते. बोलताना तुझ्या बापाला धाप लागत होती, तरी उठून त्याने स्वतः ग्लास भरला. हात इतका थरथरत होता की अर्धी बिअर टेबलावर सांडली. त्या माणसाने ग्लास दोन्ही हातांनी घेतला आणि तळ दिसेपर्यंत प्यायला. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने लिहिलं ते मनापासून लिहिलं, पण ते बिअरबद्दल नव्हतं.

लेख वाचून तुझा बाप हसला. म्हणाला, की हा गृहस्थ दुसऱ्याच कोणाची तरी बिअर प्यायलेला दिसतो, त्याला तसं कळवायला हवं. तेवढ्यात तू बॅग घेऊन दारात उभी राहिलीस, हातात तो पेपर, आणि बाबा मला शिकवा म्हणालीस. मग कसलं कळवणं! रात्री मला म्हणाला, की ताई, पोरगी एवढी नोकरी सोडून आली, तेव्हा आता ही बिअर चांगलीच आहे. तिला काही बोलू नकोस, मी गेल्यावरही नको. त्याला तुझ्यासमोर मोठं राहायचं होतं, आणि दिवस थोडे होते. मी हो म्हटलं.

तू कुठेच कमी पडत नाहीस. बाप करायचा तशीच्या तशी बिअर तू करते आहेस. आज तो असता तर लोकांनी त्याचेही ग्लास अर्धेच टाकले असते. माझ्यावर हवं तेवढं रागाव, पण टाक्या देऊ नकोस.

तुझ्या भल्याचीच काळजी असलेली,
आत्या

९ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

दोन दिवस तुझ्यावर रागावले होते. मग बाबांची बिअर खरंच नुसती बरी होती का, असं काकांना सरळ विचारलं. टाकीत घातलेलं डोकं बाहेर न काढताच ते म्हणाले, की इथे काम केलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे, साहेब स्वतःच म्हणायचे. मग डोकं बाहेर काढून म्हणाले, की हॉप्सची फुलं थोडी कमी घालून बघा असं ते बाबांना कित्येक वर्षं सांगत होते, पण बाबा बधले नाहीत. आता पुढची बिअर आम्ही तशी करणार आहोत. टाक्या न्यायला तयार होता त्या माणसाला नकार कळवला. लेखाचं विचारत येतात त्यांना मी आधीच सांगते की ही साधी, कडू बिअर आहे. काही जण तसेच परत जातात. जाऊ देत.

काल संध्याकाळी बाबांच्या पद्धतीचा एक ग्लास घेऊन बाहेरच्या बाकावर बसले आणि काही न शोधता सगळा प्यायले. कडूच आहे गं. मग जी रडायला लागले, ती थांबलेच नाही. वर्षभर मी त्या बिअरसाठी रडत होते, बाबांसाठी आत्ता रडले.

पण तुझ्या पत्रातली एक गोष्ट काही केल्या गिळता येत नाही. मी लेख वाचून आले म्हणून बाबा गप्प बसले. आत्या, तो लेख मी तेव्हा वाचलाच नव्हता. डॉक्टरांनी मला लॅबमध्ये फोन करून सांगितलं की फार दिवस नाहीत, आणि वडिलांनी हे मुलीला कळू द्यायचं नाही म्हटलंय. अशी अचानक दारात उभी राहिले असते तर मला कळलंय हे त्यांनी ओळखलं असतं. काहीतरी निमित्त हवं होतं. बस स्टँडवर पेपर घेतला, त्यात बाबांचा फोटो दिसला, मथळा वाचला आणि तोच हातात धरून आले. शिकवा म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा फुलला की नंतर मला खरं सांगवेना.

त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की मी बिअरसाठी आले. मी त्यांच्यासाठी आले होते, हे त्यांना मी कधी सांगितलंच नाही.

तू तरी जपून राहा, आणि पुढच्या आठवड्यात मी येते आहे. निमित्त काही नाही, तुला भेटायला येते.

तुझी,
भिंगरी