देवघरातलं बटण

प्रिय तुळजा,

जन्मभर तुला ‘ऐकलंस का’ एवढीच हाक मारली. आता ऐकतेस की नाही कळत नाही, म्हणून नावानं लिहितो आहे. लिहायला कारण आपला रघू. रविवारी त्यानं देवघरात विजेचा लाल दिवा बसवला आणि तुझी समई माळ्यावर ठेवून दिली.

त्याचं चुकलं असं तरी कसं म्हणू? माझा हात कापतो. परवा पेटती काडी निसटली आणि देवापुढचा पडदा जळला. सून धावली, म्हणून निभावलं. रघू म्हणाला, “अप्पा, हा दिवा रात्रंदिवस जळेल. तेल नको, वात नको, काळजी नको.” एन्नोरच्या कारखान्यात यंत्रं सांभाळणारा तुझा मुलगा. देवघरही दुरुस्त करून मोकळा झाला!

काळजी नको म्हणे! समई विझेल म्हणून मी किती वेळा उठून पाहायचो, तू चिडायचीस. आता दिवा विझतच नाही, तर मला त्याचीच धास्ती. जो दिवा विझत नाही, तो कुणी लावतही नाही, तुळजा. आणि लावायचा नसेल तर देवघरात जायचं कशाला? रविवारपासून देवापुढे अखंड उजेड आहे आणि माणूस एकही नाही. मीसुद्धा नाही.

तू तर बैठकीतला बल्ब लागला तरी हात जोडायचीस. रघू हसायचा. “आई, तो देवाचा दिवा नाही, वीज खात्याचा आहे.”

“आणि वीज खातं कुणाचं रे?”

वीज कुठून येते हे त्याला ठाऊक, म्हणून त्याच्या लेखी ती घरचीच. तुला ठाऊक नव्हतं, म्हणून तुझ्याकडे ती रोज पाहुणी येई.

मी चौथी शिकलेला, दोघांच्या मधे लोंबकळत राहिलो. देव आहे का, हे मी कधी तपासलं नाही. तू हात जोडतेस, म्हणजे असेल, एवढ्यावर माझं भागलं. तो पुरावा घेऊन तू एकटीच निघून गेलीस! असं करतात का?

काल दिवेलागणीलाच करंट गेला. ट्रिप्लिकेनची आपली सगळी गल्ली काळोखात. रघू दारात उभा राहून, मान वर करून विजेच्या खांबाकडे बघत होता. देवळात पार्थसारथीपुढेही तो इतका आर्त होऊन उभा राहिलेला मला आठवत नाही!

“अय्यो मामंजी, आज देवसुद्धा अंधारात,” सून म्हणाली.

एवढ्यात करंट आला. देवघर लाल झालं. आणि रघूचे हात आपोआप जुळले, अगदी तुझ्यासारखे, छातीपाशी. मी बघतोय हे दिसताच त्यानं ते झटकले.

“काय अप्पा?”

“काही नाही रे.”

पुरावा घरातच राहिला होता, तुळजा. दिव्यात काही उणं नव्हतं. उजेडानं अधूनमधून जाऊन यायला हवं होतं, एवढंच.

म्हणून हे वचन देतो. समई माळ्यावरच राहू दे, माझ्या हाताचा भरवसा नाही. पण रोज दिवेलागणीला मी देवघरातलं बटण बंद करीन. आज केलंसुद्धा. रघू आतून ओरडला, “अप्पा, चांगला चालू दिवा बंद कशाला करता?”

“लावायला,” मी म्हटलं. “ये इकडे.”

कुरकुरत का होईना, आला. बटणाला कापरं बोट चालतं.

तुझा,
‘अहो’