मागच्या खोलीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा घरकाम आणि दोन मुलींना घरीच शिकवणे, पूर्ण शुद्धीवर असताना हे लिहून ठेवत आहे. वकिलांनी मसुद्यात माझ्यापुढे "गृहिणी, व्यवसाय नाही" असे घातले होते. त्यातले शेवटचे दोन शब्द मी खोडायला लावले. डॉक्टरांनी परवा तपासले. रक्तदाब थोडा जास्त आहे, डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस पाडलेले नाही. धाकटीने एक गोष्ट मागितली आहे आणि थोरलीने काहीच मागितलेले नाही, आणि या दोन्हींचे माझ्या मनावर सारखेच ओझे आहे, एवढे मात्र खरे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. घर, दुकान सगळे ह्यांच्या नावावर होते. ह्यांना जाऊन अकरा महिने झाले. आता ते सगळे माझ्या नावावर आहे आणि मला त्याची सवय झालेली नाही.

या कागदात खरा प्रश्न एकच आहे. वरच्या मजल्यावरची मागची खोली, जिथे मी मुलींना शिकवले, ती कोणाला द्यायची आणि तिथे आता नातीला शिकवायचे की नाही. बाकीचे आधी उरकते.

एक. माझ्या अंत्यविधीला प्रार्थना सावकाश म्हणावी. ह्यांच्या वेळी फार घाई झाली. लग्नाआधी एक वर्ष मी शाळेत शिक्षिका होते. तिथे सकाळची प्रार्थना पावणेदोन मिनिटांत व्हायची, मी घड्याळ लावून पाहिले आहे. मुले एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्याने दाराकडे बघत. तेव्हाच मनाशी ठरवले होते की माझ्या मुलांचा दिवस देवापाशी सुरू होईल आणि तिथे घाई नसेल. थोरली पाच वर्षांची झाली तेव्हा ह्यांना तसे सांगितले. हे पुस्तकबांधणीचे काम करत. खळीचा ब्रश हातातच होता. म्हणाले, "तू शिकव, मी वह्या बांधतो." याहून मोठी चर्चा झाली नाही.

दोन. पितळी घंटा माझ्या नणंदेला परत द्यावी. त्या मुख्याध्यापिका होत्या. आम्ही मुलींना शाळेत घातले नाही हे त्यांनी स्वतःच्या तोंडात मारल्यासारखे घेतले. पहिल्याच वर्षी घंटा घेऊन आल्या आणि चारचौघांत म्हणाल्या, "वहिनी, शाळा काढलीच आहे तर घंटा तरी वाजवा. नाहीतर मधली सुट्टी झालेली कळायची कशी?" सगळे हसले. मी थँक्यू म्हणून घंटा ठेवून घेतली आणि बारा वर्षे रोज वाजवली. तिचा आवाज चांगला आहे. त्यांना कळवावे की तिचा पुरेपूर उपयोग झाला. टोमणा मी विसरलेले नाही, हेही कळवावे; पण घंटेसोबत, वेगळे नको.

तीन. बांधलेली पुस्तके दाबायचा ह्यांचा लोखंडी शिकंजा वाचनालयाला द्यावा, कारण तिथली निम्मी पुस्तके त्याच्यातून गेली आहेत. उचलायला दोन माणसे लावावीत. ह्यांनी तो एकदा एकट्याने सरकवला, कंबर धरली, आणि तीन आठवडे मला सांगितले नाही. मी विचारले की "काही नाही, जरा ताठ चालतोय" म्हणायचे. दाभणे, सुया, कातरी आणि घडी दाबायची हाडाची पट्टी धाकटीला. तिचे हात ह्यांच्यासारखे आहेत.

चार. बँकेत जे असेल ते दोघींना निम्मे निम्मे.

पाच. स्वयंपाकघरातले टेबल धाकटीने वापरावे, पण विकू नये. त्याच्या एका कडेला मी केलेल्या खुणा आहेत, वीतभर लांबीच्या, त्यावर मुली लांबी मोजायला शिकल्या. सकाळी प्रार्थना झाली की आभाराचे पान लिहायचे, त्याबद्दल पुढे येईल, आणि मग आम्ही तिघी या टेबलाशी यायचो. पाढे बटाटे सोलता सोलता व्हायचे. अपूर्णांक पावाच्या लादीवर शिकवले. धाकटीने पाव भाग खाऊन टाकला आणि उरले किती ते बरोबर सांगितले. पाऊस पडला तर वाळत घातलेले कपडे काढायला तिघी पळायचो आणि परत येऊन त्याच पावसावर निबंध लिहायचो. दुपारी खालून ह्यांच्या हातोडीचा आवाज यायचा, पुस्तकाची पाठ गोल करतानाचा, अगदी हलका. तो थांबला की जेवणाची वेळ. त्या वर्षांत मी कधी आजारी पडल्याचे मला आठवत नाही. पडले असेन.

सहा. वह्या. यात वेळ जाईल.

ह्यांनी दर वर्षी दोन वह्या बांधल्या, एकेकीला एक. प्रत्येक वहीत महिन्याला एक रुंद पान असे, बाकीच्यांच्या दुप्पट. ते आभाराचे पान. मुलीने रोज सकाळी त्यावर देवासाठी एक ओळ लिहायची. महिना संपला की पान आत दुमडायचे आणि कडेला खळ लावून चिकटवून टाकायचे. बाकी सगळे मी लाल पेन्सिलीने तपासत असे, शुद्धलेखन, गणित, हस्ताक्षर, पण हे पान नाही. देवाला लिहिलेले आईने तपासायचे नसते, असे मी दोघींना सांगितले होते आणि ते पाळले. मला त्याचा थोडा अभिमानही होता.

आणखी एक सवय होती. मुलींनी काहीही मागितले की मी म्हणायचे, "देवाला विचारून सांगते." खोटे बोलत नसे. खरोखर विचारायचे, मनात जे येई ते सांगायचे.

ह्यांना जाऊन आठवडा झाला होता. दोघी मुली टेबलाशी बसल्या होत्या. थोरली सतराव्या वर्षी बाहेरून परीक्षा देऊन वसतिगृहात गेली, आता वीज कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. एकोणीस वर्षांत चार वेळा घरी आली, ही चौथी. धाकटी दोन गल्ल्या सोडून राहते. तिची मुलगी सात वर्षांची. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती सरळ चालतच नाही. तिला अजून शाळेत घातलेले नव्हते.

धाकटी म्हणाली, "आई, मागची खोली मला दे. भिंगरीला मी तिथेच शिकवणार, तू शिकवलंस तसंच. माझे सगळ्यात चांगले दिवस त्या खोलीत गेले."

थोरली चहाच्या कपाकडे बघत म्हणाली, "भिंगरीला विचारलंस?"

"सात वर्षांच्या पोरीला काय विचारायचं, ताई?"

"मी नऊ वर्षांची होते. मलाही कुणी विचारलं नाही."

"तू सांगितलंस कधी?"

"सांगितलं की. दोन वर्षं रोज सांगितलं." मग ती माझ्याकडे वळली. "आभाराच्या पानावर. रोज एकच ओळ. देवा, आईला सांग की मला शाळेत घाल."

मी म्हणाले, "मला का नाही बोललीस?"

"तू म्हणाली असतीस, देवाला विचारून सांगते. मग म्हटलं, सरळ त्यालाच विचारू. तुझा हेलपाटा वाचेल." ती हसली. धाकटीही हसली, तिला आवरले नाही. मग थोरली म्हणाली, "मी वाट बघत होते, आई. रोज सकाळी तुझ्या तोंडाकडे बघायचे, आज सांगितलं असेल का त्यानं. अकरावं लागलं तेव्हा म्हटलं, त्याने नाही म्हटलं असणार. मग सोडून दिलं."

काय सोडून दिले, ते मी विचारले नाही.

त्या दोन वर्षांतली एक गोष्ट मला आठवते. थोरली सकाळी पावणेदहाच्या सुमाराला खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. खालून शाळेतल्या मुली जायच्या, सगळ्यांच्या पाठीवर एकसारखी निळी दप्तरे. मला वाटले तिला उजेड आवडतो. म्हणून ह्यांना सांगून तिचे बाक मी खिडकीला लावून घेतले.

थोरलीच्या बारा वह्या थोरलीला आणि धाकटीच्या धाकटीला द्याव्यात. चिकटवलेली पाने मी आजवर उघडलेली नाहीत आणि उघडणार नाही. काय लिहिले आहे ते आता मला माहीत आहे. कागदावर बघून माझी समजूत पटेल असे नाही.

सात. राहते घर, दुकानासह, धाकटीला द्यावे. थोरलीची याला हरकत नाही, तसे तिने फोनवर सांगितले. "मला घर नको, आई. माझ्याकडे आहे."

मागच्या खोलीपुरती मात्र अट घालते. मी चुकले असे मी इथे लिहीत नाही. त्या खोलीत देव होता, हे मी कोणाच्याही पुढे सांगेन. पण एकाच खोलीत, एकाच बाकावर, एकीला ते घर होते आणि दुसरीला ताटकळत बसायची जागा, आणि मी रोज दोघींच्या समोर उभी होते. तेव्हा अट अशी: दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडायच्या आधी भिंगरीच्या मावशीने, म्हणजे माझ्या थोरलीने, इथे येऊन भिंगरीला घराबाहेर न्यावे आणि एकटीला विचारावे की तुला शाळेत जायचे आहे का. ती जे सांगेल ते तिच्या आईने ऐकावे.

वकिलांनी हे कलम दोनदा वाचले. म्हणाले, "काकू, असली अट कोर्टात टिकायची नाही. आणि तुमची थोरली आलीच नाही तर?"

मी म्हणाले, "येईल की नाही, तेच मला बघायचंय."

"पण तुम्ही कुठून बघणार? मृत्युपत्र नंतर उघडतात."

हे माझ्या लक्षात आले नव्हते. शिकलेली बाई, पण लक्षात आले नव्हते. मी मसुदा तसाच पिशवीत घालून घरी आले आणि थोरलीला फोन केला. काय बोलायचे ते ठरवले नव्हते. नेहमीसारखे तोंडात आले होते, "देवाला विचारले आणि..." मी ते गिळले. म्हणाले, "मला तू यायला हवी आहेस. मला." ती म्हणाली, "रविवारी येते."

आठ. पुरवणी. हे कलम रविवारनंतर माझ्या हाताने लिहिले आहे, वकिलांच्या मसुद्यात नाही.

थोरली सकाळच्या गाडीने आली. अट काय आहे ते मी दोघींना आधीच कळवले होते; धाकटी येऊन बसली होती, तोंड फुगवून. म्हणाली, "कर चौकशी. मी काय तुरुंग चालवतेय?" थोरली म्हणाली, "तू नाही गं. तू तर त्या तुरुंगात गाणी म्हणायचीस." धाकटी म्हणाली, "बेसूर म्हणायचे, म्हणून तू पळालीस." मग दोघींनी मिळून डबे आवरले, मला हात लावू दिला नाही.

भिंगरीला घेऊन थोरली कोपऱ्यापर्यंत गेली. मी आणि धाकटी खिडकीपाशी उभ्या राहिलो. भिंगरी गोल गोल फिरत होती आणि थोरली तिच्या मागे मागे. एका दुकानाच्या पायरीवर दोघी बसल्या. दहा मिनिटे झाली असतील. धाकटीने माझा हात धरला होता, तिलाही ते ठाऊक नसावे.

वर आल्यावर भिंगरीनेच सांगून टाकले, दारातूनच. "मला शाळेत जायचंय. पण दुपारी आजीकडे यायचंय, बटाट्यांचे पाढे करायला. आणि प्रार्थना इथेच. शाळेत नको, तिथे फार गर्दी असेल, देवाला ऐकू येणार नाही."

धाकटी रडली. रडत रडत म्हणाली, "दप्तर घ्यायला लागेल." थोरली म्हणाली, "ते मी घेणार," आणि लगेच चपला घातल्या. भिंगरीला घेऊन ती बाजारात गेली आणि बराच वेळ लावून आली. थोरलीने विचारले कुठला रंग, भिंगरीने पिवळा घेतला.

आज सोमवार. नाव घालायला आम्ही चौघी गेलो. फॉर्मवर "यापूर्वीची शाळा" असा रकाना होता. धाकटी थबकली. थोरलीने तिच्या हातून पेन घेतले आणि लिहिले, "घर." कारकुनाने वर पाहिले. थोरली म्हणाली, "चांगली होती. आम्ही दोघी तिथल्याच."

तेव्हा कलम सातमधली अट मी रद्द करते. जे माझ्या मागे विचारायचे होते ते माझ्यासमोर विचारून झाले. खोली धाकटीला, विनाअट. थोरली बुधवारपर्यंत राहणार आहे, मग पुढच्या महिन्यात पुन्हा येते म्हणाली. बाकीच्या कलमांना घाई नाही.

हे सगळे मी स्वतः वाचून पाहिले, दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

लिहून ठेवणारी : (सही)

साक्षीदार पहिला : समोरचे औषध दुकानदार. वरील सही आमच्यादेखत झाली. (सही)

साक्षीदार दुसरी : शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई. वरीलप्रमाणे. (सही)

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
तारीख : सोमवार, बारा जून, दुपारी चार.