साहेबांचे भाषण

ती. बाबांस,
सा. नमस्कार. तुम्हाला न विचारता निर्णय घेऊन वर पत्र लिहिते आहे, क्षमा असावी.

मानपाड्याच्या कारखान्यात वर्षभर दोघींचे काम एकटीने करून मी खचले होते. रजा मागितली, तर साहेब सर्वांदेखत हसले. "मराठी मीडियम ना? कॉन्फिडन्स नाही, म्हणून थकतेस."

काल खंडेनवमीची यंत्रपूजा झाली. त्यांचे भाषण दरवर्षी मीच लिहून देते. मालकांसमोर त्यांनी हात पुढे केला. मी राजीनामा ठेवला.

"अगं, भाषण?"

"कॉन्फिडन्स आहे ना, साहेब? बोला की."

ते नुसता घाम पुसत राहिले.

रात्री गाढ झोपले. आईचा गुडघा कसा आहे? तिला काळजी करू देऊ नका.

साहेबांची फजिती पाहून मला अतोनात आनंद झाला. त्याबद्दल मात्र क्षमा मागत नाही.

तुमची,
संचिता
दसरा, २ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९.४० वाजता पाठवले.